वीबे बाउमाचं नाव पूर्ण छापावं

मी आफ्के बाउमा, वय त्र्याऐंशी, राहणार हार्लिंगेन, समुद्राच्या बांधालगतचं घर, हे मृत्युपत्र आपखुशीने सांगते आहे आणि नोटरीसाहेब लिहून घेत आहेत. डोकं ठिकाणावर आहे ना, असं त्यांना कायद्याने विचारावं लागतं. मी म्हटलं, कुणाच्या डोक्याशी ताडून बघणार? ते म्हणाले, "बाई, नुसतं हो म्हणा." हो. आधीची मृत्युपत्रं रद्द.

१. घर सामानासकट नात मारितला. माशांना धुरी द्यायचं पिंपही तिलाच, वापरो न वापरो.

२. मुलगा दाउवे, मारितचा बाप, याला कायद्याने द्यावाच लागतो तेवढा वाटा. वर चमचाही नाही. कारण लेखी असू दे.

वीबे माझा थोरला भाऊ. आमच्या गावात लोक लाकडी बूट चर्चच्या दाराशी काढून आत जायचे. एका रविवारी आत प्रार्थना चालू असताना वीबेने सगळे डावे बूट एका भिंतीला लावले, उजवे दुसऱ्या भिंतीला, लहानापासून मोठ्यापर्यंत, ओळीने. बाहेर आल्यावर कुणाला आपला जोड सापडेना. सगळं गाव बर्फात मोज्यांवर उभं. त्याच आठवड्यात डॉक्टर येऊन त्याला घेऊन गेला. इथे लोक पडदेसुद्धा शेजाऱ्याचे बघून लावतात, आणि ज्याने खरोखर नीट लावून दाखवलं तो वेडा. वेड्यांच्या इस्पितळातच मेला. थडग्यावर नंबराची खुंटी आहे. दाउवेने पोरांना सांगितलं, मामा लहानपणीच गेला.

३. मारित विद्यापीठात पीएच.डी. करते. नॉर्मल कशाला म्हणायचं, नीटनेटकं कशाला, हा तिचा विषय. डॉक्टर काय म्हणतात, आकडेवारीवाले काय, वकील काय. ज्याला विचारावं तो दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतो, हा आमचा विषय नव्हे. एक प्रकरण वीबेवर आहे. मी वाचलं. चांगलं आहे. पण नाव? "रुग्ण वी."

"आजी, सर म्हणतात, रुग्णाचं नाव छापत नाहीत."

"कुणाच्या भल्यासाठी?"

"त्याच्याच."

"मग त्याला विचारलं का? तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं."

"बाबा पण नको म्हणतात. घराण्याचं नाव जाईल."

"तुझ्या बाबाचं आडनाव त्याच्या बापाचं. बाउमा मी आणि वीबे. त्याचं काय जातंय?"

"जवळच्या माणसाची लेखी परवानगी असली तर बघू, म्हणाले सर."

ही घ्या लेखी. वीबेची सख्खी बहीण या नात्याने मी सांगते, वीबे बाउमा असं पूर्ण छापावं, जिथे जिथे येईल तिथे. मी मेल्यावर परवानगी संपत नाही, असं मी इथेच लिहून ठेवते. प्राध्यापकांनी कुरकुर केली तर मारितने हा कागद त्यांच्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचावा. दाउवेलाही बसवावं.

घराला मात्र ही अट नाही. पोरगी घाबरली आणि "वी." ठेवलंन, तरी घर तिचंच. मी चिडेन, पण तेव्हा माझं कोण ऐकतंय.

४. मला इस्पितळाच्या दफनभूमीत वीबेशेजारी पुरावं. खुंटी उपटून फेकावी. दोघांना मिळून एकच दगड, लहानसा. दोन्ही नावं मावली नाहीत तर माझं नुसतं "आ." कोरा. त्याचं पूर्ण.

वाचून दाखवलं, बरोबर आहे.

सही: आफ्के बाउमा
साक्षीदार: खेर्बेन टेर्प्स्त्रा, शेजारी, निन्के फान दाइक, नोटरींच्या कचेरीतल्या
हार्लिंगेन, ११ मार्च २०२४