पाचूतलं तेल

अण्णा, तुमच्या पेढीवर काम शिकायला आले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि पाचू म्हणजे हिरवा दगड, यापलीकडं मला काही ठाऊक नव्हतं. आज विश्रामबागेत रत्नं तपासून द्यायचं माझं स्वतःचं छोटं दुकान आहे, आणि तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. सकाळी एक गिऱ्हाईक येऊन गेलं. त्यानंतर कामात लक्ष लागेना, म्हणून लिहायला बसले.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझ्या हातात भिंग दिलंत आणि एक पाचू पुढं सरकवून विचारलंत, "आत काय दिसतंय?" मी घाबरत म्हणाले, "शेवाळ. आणि भेगा." तुम्ही खूश झालात. "बरोबर. अगदी स्वच्छ पाचू दिसला की आधी काच समजायची, मग तपासायचं." मग दुपारभर गोष्टी. समुद्रापलीकडच्या डोंगरातले पाचू जहाजांतून आपल्याकडच्या बादशहांपर्यंत कसे आले, त्यांवर वेलबुट्टी कशी कोरली. पाचूकडं बघितलं की साप आंधळा होतो म्हणतात, हे सांगून तुम्हीच हसायचात. "आमच्या कडेगावच्या उसात साप रग्गड, पाचू एकबी न्हाई. खरंखोटं करायचं कसं?"

त्याच महिन्यात आटपाडीकडची ती बाई आली. नवरा जयपूरला सोनं गाळायच्या गलाईच्या कामावर. तिथून त्यानं एक पाचू पाठवलेला. पदराच्या गाठीतून तो काढून तिनं काचेवर ठेवला. "पोरगी चार वर्साची झाली, अजून बोलत न्हाई. जोशीबुवा म्हनले, बुधाचं रत्न हाय, गळ्यात घाला, वाचा फुटंल. साफ करून पदक करून द्या." तुम्ही तो भिंगाखाली बघितलात, म्हणालात, "खरा आहे," आणि चांदीच्या कोंदणाचं माप घेतलंत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बँकेत गेला होता. मी तो पाचू सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकला, चांदीचे दागिने उजळायचे तसा. बाहेर काढला तेव्हा त्याच्या पोटात पांढऱ्या रेघांचं जाळं उठलं होतं. तुम्ही आलात, बघितलंत आणि टोपी काढून खाली बसलात. "अगं, पाचूत भेगा जन्मापासूनच असतात. त्या दिसू नयेत म्हणून आत तेल मुरवलेलं असतं. ते गेलं सगळं. दगड म्हणजे त्याला काही होत नाही, असं वाटलं होय तुला?" इतक्या चढ्या आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हता. मी रडत म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नव्हतं." तुम्ही टोपी पुन्हा डोक्यावर ठेवलीत. हळू म्हणालात, "माझंच सांगायचं राहिलं असेल."

ठरल्या दिवशी बाई पोरीला घेऊन आली. झालेलं सगळं मीच सांगायचं, असं तुमचं म्हणणं. मी सांगते आहे, बाईचा चेहरा उतरत चालला आहे. शेवटी ती एवढंच विचारते, "मंग आता ही बोलायची न्हाई का वो?" मी मागं सरते, कोपर लागतं आणि तराजूचं पितळी पारडं फरशीवर आदळतं. रस्त्यावरची माणसंसुद्धा वळून बघतात. पोरगी मात्र पाठमोरी उभी राहून कपाटातल्या हिरव्या बांगड्यांवरून बोट फिरवत राहते.

तुम्ही माझ्याकडं बघितलंच नाहीत. उठलात, पोरीच्या मागं उभं राहून जोरात टाळी वाजवलीत. काही नाही. "बाई, हाक मारल्यावर बघते का ही?"

"न्हाई वो. लय हट्टी हाय."

"हट्टी नाही ती. तिला ऐकू येत नसावं. चला, आत्ताच कानाच्या डॉक्टरांकडं जाऊ."

दुकान माझ्यावर टाकून तुम्ही त्यांच्याबरोबर गेलात. तुमची शंका खरी निघाली. पुढं तिच्या दोन्ही कानांना यंत्रं बसली, शिकवणाऱ्या बाई मिळाल्या. पाचूही तुम्ही टाकून दिला नाहीत. देवदाराच्या तेलात, दिव्याच्या उबेला बरेच दिवस ठेवून तो पुन्हा हिरवा केलात, आणि देताना आत तेल आहे हेही सांगितलंत. बाई म्हणाली, "असू द्या, तिच्या बानं धाडलाय."

आज आलेलं गिऱ्हाईक म्हणजे तीच पोरगी, अण्णा. लग्न ठरलंय, पदक मोडून अंगठी करायची आहे. तासभर बोलत होती. नवऱ्यामुलाबद्दल, सासूबद्दल, नोकरीबद्दल. शब्द थोडे जड येतात, पण थांबत नाही. निघताना म्हणाली, "आई म्हणते, पाचूनंच बोलायला लागले मी. मी काही म्हणत नाही. तिला बरं वाटतं." तुम्हाला हे फार आवडलं असतं.

त्या प्रसंगानंतर तुम्ही मला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायला लागलात. मोती आम्लाला लागू देऊ नकोस, ओपलचा खडा सुकू देऊ नकोस. एकदा सांगून झालं तरी विचारायचात, "हे मी बोललो होतो ना? हल्ली लक्षात राहत नाही." शेवटी शेवटी तर वहीत टिपून ठेवायला लागलात. मी मान डोलवायची.

अण्णा, त्या दिवशी बँकेत जाण्याआधी, चहा पिताना, तुम्ही मला नीट सांगितलं होतंत, पाचू गरम पाण्यात घालू नकोस. माझं लक्ष नव्हतं.