तिसऱ्या बेसवरची नोंद

मी, त्र्यंबक वामन खानझोडे, वय अडुसष्ट, मूळचा नागपूरचा, हल्ली मुक्काम ट्रॉय, मिशिगन, मोटारींच्या ब्रेकचा निवृत्त इंजिनिअर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, निळ्या पेनाने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. मन ठिकाणावर आहे. गुरुवारी आमचा डेट्रॉइटचा बास्केटबॉल संघ, पिस्टन्स, आपल्याच मैदानावर न्यूयॉर्ककडून हरून स्पर्धेबाहेर गेला तेव्हाही ते ठिकाणावर होतं, फक्त रिमोट राहिला नाही. शरीराचं मात्र तसं सांगता येत नाही. परवा, मंगळवारी सकाळी सात वाजता, माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. सर्जन म्हणाले, काळजीचं कारण नाही. पिस्टन्स सलग अठ्ठावीस सामने हरले त्या मोसमात मीही शोभनाला रोज हेच सांगत होतो.

वकीलबाईंनी इंग्रजी मृत्युपत्र तयार केलं आहे. त्यात भावना लिहू नका, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. म्हणून हे वेगळं.

१. घर, बचत आणि गाडी माझी पत्नी शोभना हिची. आता एवढं मोठं घर कशाला, असा सल्ला तिला कुणीही देऊ नये, विशेषतः इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी. माझ्या सामन्यांपायी तिने छत्तीस वर्षं रोज दोनदा जेवण गरम केलं आहे. त्यापुढे हे काहीच नाही.

२. माझ्यामागे पहिलं काम म्हणजे टीव्हीवरची सगळी ॲप बंद करणं. एकाच संघाचे सामने बघायला मंगळवारी एक ॲप, शुक्रवारी दुसरं, आणि दोन्हीकडे पैसे लावा, पैसे लावा अशा जाहिराती! खेळ बघतोय की जुगाराच्या अड्ड्यावर बसलोय हेच कळत नाही. पासवर्ड फ्रीजच्या दारावर आहेत.

३. माझी मतं कुणाला द्यायची हा प्रश्न आहे, कारण जिवंतपणी ती कुणी घेतली नाहीत. तरी नोंद असावी. धडधाकट खेळाडूने विश्रांती म्हणून सामना सोडणं हा तिकीट काढून आलेल्या माणसाचा अपमान आहे. मी तापात असेंब्ली लाइनवर उभा राहिलो आहे. बास्केटबॉलमध्ये प्रत्येकाने लांबूनच तीन-तीन गुणांसाठी चेंडू भिरकावायचा, हे आळशीपण आहे. आणि बेसबॉलमध्ये सामना बरोबरीत राहिला की जादा इनिंगला दुसऱ्या बेसवर, म्हणजे धाव अर्धी झालेल्या जागी, एक माणूस आयताच उभा करतात. कशासाठी? प्रेक्षकांना लवकर घरी जायचंय म्हणून? मी कधीही लवकर घरी गेलेलो नाही. ही मतं मी शंतनू देवस्थळीला देतो. मंडळाच्या गणपतीत, चारचौघांत, बेसबॉल म्हणजे मोठ्यांचा विटीदांडू, असं तो म्हणाला होता. सोबत माझं नियमांचं पुस्तक द्यावं. वाचेल असं वाटत नाही.

४. माझा मित्र यतीन टिकेकर याला काहीही मिळणार नाही. तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असं वकीलबाई म्हणाल्या. शिवाय पिस्टन्स हरायला लागले तेव्हा तो कॅलिफोर्नियाच्या जिंकणाऱ्या संघाची टोपी घालून माझ्या घरी जेवायला आला होता. दोन्ही कारणं पुरेशी आहेत.

५. गराजमधली माझी सगळी हत्यारं यतीनचा मुलगा नील याला द्यावीत. पाने, टॉर्क रेंच, लाल पेटीसकट. नील हाताने काम करणारा मुलगा आहे. पुढे त्याचं नाव मला घ्यावं लागणार आहे, म्हणून त्याचं आधीच देऊन टाकतो.

६. बेसबॉल सामन्यांच्या नोंदींची माझी स्कोअरबुकं, एकूण एकोणतीस, माझा मुलगा ओजस याला. तो जर्सी सिटीत असतो. बुधवारी, म्हणजे ऑपरेशन झाल्यावर, येणार आहे. मंगळवारी त्याची महत्त्वाची मीटिंग आहे. आमचं भांडण नाही. आम्ही विमानाच्या वेळा, हवा आणि इन्शुरन्स या विषयांवर नियमित बोलतो.

७. इथपर्यंत लिहून मी चहा घेतला. आता खरं कलम.

सन २००९, मे महिना. ओजस अकरावीत होता आणि शाळेच्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता. तिसऱ्या बेसवर नील क्षेत्ररक्षण करायचा. संघात मराठी मुलं ही दोनच. पालकांपैकी कुणीतरी अधिकृत स्कोअरर लागतो, तो मी होतो. बाकी सगळे पेन्सिलीने लिहितात, कारण निर्णय बदलू शकतो. मी पेनाने लिहायचो. निर्णय नीट घेतला तर खोडायची वेळ येत नाही, असं मी सगळ्यांना ऐकवत असे.

त्या दिवशी ओजसने सहा इनिंग आणि सातवीतले दोन गडी बाद होईपर्यंत समोरच्यांना एकही हिट, म्हणजे निव्वळ फटक्याच्या जोरावर बेस, दिला नव्हता. शाळेच्या मैदानावर सातव्या इनिंगला सामना संपतो. एक गडी उरला होता. तो बाद झाला असता तर नो-हिटर. पिचरच्या आयुष्यात हे बहुतेक कधीच घडत नाही. फलंदाजाने मारलेला चेंडू सरळ नीलकडे गेला, त्याच्या ग्लव्हमध्ये बसला आणि निसटला. धावणारा पहिल्या बेसवर पोचला.

आता सगळं माझ्या हातात. क्षेत्ररक्षकाची चूक लिहिली तर नो-हिटर शाबूत. हिट लिहिला तर गेला. सगळा स्टँड वळून माझ्याकडे बघत होता. ती चूक होती. मला दिसलं होतं. पण मुलगा माझा, पेन माझं, आणि लोक म्हणणार, बापाने पोराला दिलं. शेजारी यतीन बसला होता. त्याच्या पोराच्या नावावर चूक लिहायची तीही त्याच्यादेखत. मी हिट लिहिला. बोर्डावर हिटच्या रकान्यात शून्याचा एक झाला आणि ओजसने वळून बघितलं.

पुढचा गडी बाद झाला. आम्ही जिंकलो. गाडीत त्याने विचारलं, "बाबा, वॉज दॅट अ हिट?"

मी म्हणालो, "बुकात आहे ते बरोबर आहे."

दुसऱ्या दिवसापर्यंत निर्णय बदलता येत होता. मी बदलला नाही. पुढच्या वर्षी ओजसने संघात नाव दिलं नाही. त्यानंतर त्याने मला कधी "बाबा" म्हटलं नाही, "डॅड" म्हणतो. लोकांना यात फरक वाटणार नाही.

मागच्या रविवारी, न्यूयॉर्कविरुद्धच्या चौथ्या सामन्यात, शेवटच्या क्षणी आमच्या खेळाडूला धक्का बसला आणि शिट्टी वाजली नाही. एका गुणाने हरलो. सामन्यानंतर पंचांनी कबूल केलं, फाउल द्यायला हवा होता. मी टीव्हीवर ओरडलो, "आता कबूल करून काय उपयोग!" शोभना आतून म्हणाली, "अहो, निदान त्यांनी त्याच दिवशी केलं."

मी आठवडाभर झोपलेलो नाही.

म्हणून: स्कोअरबुक क्रमांक अकरा, पान चाळीस. सातव्या इनिंगमधला हिट मी आज पेनाने खोडला आहे आणि त्याजागी तिसऱ्या बेसची चूक लिहिली आहे. माझ्या एकोणतीस बुकांतली ही पहिली खाडाखोड. ती भित्रेपणाने केलेल्या नोंदीची आहे. ओजस, तो सामना तुझा नो-हिटर होता.

८. सही करण्याआधी हे कलम साक्षीदारांना वाचून दाखवणं मला भाग वाटलं. शेजारच्या संघमित्राताईंनी पान चाळीस उघडून बघितलं. यतीन उठून खिडकीपाशी गेला. मला वाटलं, आता हा सही न करताच जातो. पाठमोराच तो म्हणाला, "त्र्यंबक, नीलने त्याच दिवशी सांगितलं होतं मला, की सुटला म्हणून. ओजसलाही सांगून आला होता तो. मी गप्प बसलो यार, माझ्या पोराचं नाव वाचलं म्हणून."

म्हणजे ओजसला सोळा वर्षं माहीत होतं. तो फक्त मी कधी सांगतो याची वाट बघत होता.

शोभनाने फोन माझ्यापुढे ठेवला. "हे मेल्यावर वाचायचं कलम नाही," ती म्हणाली.

मी फोन केला. ओजस म्हणाला, "हाय डॅड, एव्हरीथिंग ओके?" मी म्हणालो, "ती चूक होती. एरर. मी बुकात बदललंय."  

मग त्याने विचारलं, "खोडलंस? पेनाने?"

"पेनाने."

"फोटो पाठव."

संघमित्राताईंनी पानाचा फोटो पाठवला. मी बुक उघडून धरलं होतं. चार मिनिटांनी त्याचा मेसेज आला. वर उद्या संध्याकाळच्या विमानाचं तिकीट होतं. खाली लिहिलं होतं: मीटिंग कॅन्सल केली, बाबा.

सबब कलम सहामध्ये दुरुस्ती: स्कोअरबुकं ओजसला उद्याच, माझ्या हातून मिळतील. बाकीच्या मृत्युपत्राला घाई नाही.

लिहून देणार: त्र्यंबक वामन खानझोडे (सही)

आमच्यासमक्ष, साक्षीदार:
संघमित्रा रामटेके (सही)
यतीन टिकेकर, तिसऱ्या बेसवरच्या मुलाचा बाप (सही). वरील चूक मला मान्य आहे.

ट्रॉय, मिशिगन. रविवार, ४ मे २०२५.