त्रेचाळीस न वाचलेले मेल

प्रिय धाकट्या,

हे पत्र वरून खाली, क्रमाने वाच. तुझी खोड मला ठाऊक आहे. दुरुस्तीला आलेल्या पुस्तकाचं शेवटचं पान जागेवर आहे ना, ते तू सगळ्यात आधी बघायचास आणि मग तीच सवय घरातल्या कादंबऱ्यांनाही लावायचास. इथे तसं करायचं नाही, माझी शपथ आहे. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. मोठी आहे, तुझ्या कामाची आहे, आणि गोदामात खोक्यांवर शिक्के मारत बसलेले तुझे हात पुन्हा जुन्या कागदाला लागणार की नाही, हे तिच्यावर ठरणार आहे. कालपासून ती माझ्या पोटात मावत नाहीये. पण ती नीट कळायची तर आधी तुला माझं कॉम्प्युटर-पुराण ऐकावं लागेल. हो, माझं! हसू नकोस. माऊस टेबलाच्या कडेला पोचला की टेबल सरकवून घे म्हणणारी तुझी ताई आता बिनधास्त फोल्डर बनवते.

त्याचं असं झालं. गेल्या महिन्यात एक म्हातारे गृहस्थ वडिलांचा शब्दकोश बांधून घ्यायला आपल्या दुकानात आले. कणा तुटलेला, शिवलेल्या पानांचे फर्मे सुटलेले. कुठल्या रंगाचं कातडं लावायचं ते आपलं मेलवर ठरलं होतं, म्हणाले, जरा बघता का. मी बघायला गेले तर ब्राउझरने आधी पासवर्ड मागितला. मग फोनवर आलेला आकडा मागितला. फोन आतल्या खोलीत, पिशवीत. तो आणला तर आकडा शिळा झालेला! पुन्हा आकडा मागवला, आत शिरले, तर बाजूला चपलांच्या जाहिराती नाचतायत, वर लाल अक्षरांत तुमची जागा भरत आली आहे, आणि शोधायला शब्द टाकला तोच नेट गेलं. ते पांढरं चक्र गरगर फिरत राहिलं आणि गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. मला इतकी लाज वाटली! अरे, माझ्या दुकानाची पत्रं, माझ्या गिऱ्हाइकांची, आणि ती बघायला मला तिऱ्हाइताच्या दारात उभं राहून कडी वाजवायची? किती दिवस दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचं? शेवटी त्यांनीच आठवून सांगितलं, तपकिरी. त्याच दिवशी ठरवलं, की बास! मेल आपल्या मशीनवर आणायचे, घरच्या कपाटात ठेवायचे. आपला हात जगन्नाथ.

आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. सगळं जग मेल ब्राउझरमध्ये बघतं आणि तुलाच कसली ही हौस, तुझं म्हणजे वरातीमागून घोडं. मी म्हटलं, घोडं माझं, वरात माझी, तुम्ही बाजूला व्हा. चौकापलीकडच्या कॉम्प्युटरवाल्याकडून एक वापरलेला लॅपटॉप आणला, त्यातच तो मेलचा प्रोग्राम बसवून घेतला आणि मागच्या खोलीत, खिडकीखाली, कापायच्या यंत्राशेजारी मांडला. धाकट्या, काय सांगू तुला! एक बटण दाबलं आणि मेल भराभर उतरायला लागले. खाली आकडा वाढतोय, तीनशे, सातशे, अकराशे, आणि मी खळीने भरलेला ब्रश हातात धरून नुसती बघत उभी. खळ टपकून चपलेवर पडली तेव्हा भानावर आले. आता नेट असो नसो, सगळं समोर. वाचनालयांचे मेल आपोआप एका कप्प्यात जातात, शाळांचे दुसऱ्यात. नाव टाकलं की क्षणात सापडतं. जाहिरात औषधालाही नाही. उत्तरं मी निवांत लिहून ठेवते आणि नेट आलं की ती आपली आपण रवाना होतात. दोन दिवस मी येईल त्या गिऱ्हाइकाला आत नेऊन लॅपटॉप दाखवत होते, इतकी की पोस्टमन आता दारातूनच टपाल टाकून पळतो.

पण हा माझा पहिला प्रयत्न नव्हता, हे तुला आठवत असेल. तीन वर्षांपूर्वी मी दुकानाच्या जुन्या कॉम्प्युटरवर असाच एक मेल-प्रोग्राम बसवला होता, स्वतःच्या हाताने, पुस्तिकेत बघून. तू पुढे काउंटरवर ब्राउझरमध्ये मेल बघायचास, मी मागे माझ्या प्रोग्राममध्ये, आणि पत्ता दोघांचा एकच, दुकानाचा. तू किती चिडवलंस मला! त्यात एके ठिकाणी विचारलं होतं, मेल उतरवून घेतल्यावर मूळ जागी प्रत ठेवायची का. आता मला सांग, वडील कमी आणि उस्ताद जास्त अशा अण्णांच्या हाताखाली वाढलेली मी. काम झालं की टेबल रिकामं झालं पाहिजे, कातरणसुद्धा राहता कामा नये, नाहीतर पट्टी हातावर बसायची. मी म्हटलं प्रत कशाला हवी, पसारा नुसता, आणि ती खूण काढून टाकली. अकरा दिवसांनी तू पुढून ओरडलास की इतक्या दिवसांत एकही मेल कसा नाही. माझ्या प्रोग्राममध्येही रिकामंच दिसत होतं. मी घाबरले, मला वाटलं मीच काहीतरी बिघडवलं. प्रोग्राम बंद केला, तो कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला आणि तुला म्हटलं, मंदीचे दिवस आहेत, येतील मेल. आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून यायला लागले. त्या अकरा दिवसांचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

तेच दिवस तुझे वाट बघण्याचे होते. तो नकाशा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. पाण्यात भिजलेला, कसरीने चाळण केलेला, हात लावला की भुगा होणारा. चार महिने तू त्याच्यावर वाकून बसलास. विरविरीत कागदाचे नखाएवढे तुकडे पाठीमागून असे बसवलेस, की भोकं कुठे होती ते उजेडात धरल्यावरच कळावं. तो नमुना संस्थेला पाठवलास. जुन्या कागदांची दुरुस्ती शिकवणारी ती एकच जागा, दोन वर्षांचं शिक्षण, वर्षाला आठच जणांना प्रवेश. अण्णा गेल्यापासून मी तुला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं, शीळ घालत खळ शिजवायचास. मग महिना गेला, दोन गेले. तू दिवसातून चार वेळा मेल उघडायचास, नको असलेल्या मेलचा कप्पासुद्धा चाळायचास. कुणी विचारलं तर म्हणायचास, ज्यांना बोलवायचं असतं ते बोलावतात. सात महिन्यांनी तू ब्रश धुऊन फडक्यात बांधलेस, माझ्या हातात दिलेस आणि गोदामातल्या नोकरीवर निघून गेलास. भांडला असतास तरी बरं झालं असतं.

आता जे सांगते ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, ह्यांनासुद्धा नाही. उत्तर आलं नाही तेव्हा मला बरं वाटलं होतं. वाईट वाटल्याचं मी दाखवलं, तुझ्या पाठीवरून हात फिरवला, पण आतून सुटल्यासारखं झालं. तू गेलास तर दुकान मी एकटीने कसं ओढायचं, असं मला रोज वाटायचं. एकदा फोन करून विचार तरी, एवढंच मी म्हणायला हवं होतं. तू मानी आहेस, स्वतःहून विचारणार नाहीस, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी मात्र मूग गिळून गप्प बसले. आणि बघ, त्याचं फळ काय मिळालं! तू गेलासच, आणि वर कामही सोडलंस. दिवाळखोर शहाणपण माझं. सणावाराला भेटायला येतोस तेव्हा मागच्या खोलीत पाऊलही टाकत नाहीस, बाहेरच्या बाकावर बसून चहा पितोस, आणि मी तुझ्या बोटांकडे बघत राहते. मला तुझी फार आठवण येते रे. दुकानासाठी नाही. तू दुकानात नसलास तरी चालेल, पण कुठेतरी कागदावर वाकलेला असायला हवास.

तर परवा कॉम्प्युटरवाला खुर्ची ओढून माझ्या नव्या प्रोग्रामची कौतुकं ऐकत बसला होता. बोलता बोलता म्हणाला, जुन्या मशीनवर मेल असतील तर तेही यात आणता येतात, त्या मशीनच्या पोटात ते तसेच पडलेले असतात. मी म्हटलं, असले तर अकरा दिवसांचे असतील, आणून काय लोणचं घालायचंय? पण हौसेला मोल नसतं. माळ्यावरून काढला कॉम्प्युटर, धूळ झटकली, तो घेऊन गेला आणि काल सकाळी सगळं या लॅपटॉपवर आणून गेला. त्रेचाळीस मेल, सगळे ठळक अक्षरांत, म्हणजे न वाचलेले. ते ब्राउझरमध्ये तुला कधी दिसलेच नव्हते, कारण माझा प्रोग्राम ते उतरवून घेत होता आणि मूळ जागा पुसून टाकत होता. मी काढलेल्या त्या एका खुणेमुळे! आणि ते मला तरी तेव्हा का दिसले नाहीत? त्या प्रोग्रामने अनोळखी पत्त्यांवरून आलेलं सगळं आपल्या अकलेने नको असलेल्या मेलच्या कप्प्यात ढकललं होतं, आणि असा कप्पा त्यातही असतो हेच मला माहीत नव्हतं. मी एकेक बघत खाली आले. सवलती, सुट्टीच्या सहली, कोणीतरी लॉटरी लागल्याचं कळवलेलं. एकतिसावा मात्र मी चष्मा पुसून पुन्हा वाचला.

संस्थेचं उत्तर होतं, धाकट्या. त्यांनी तुला निवडलं होतं. आठांत पहिलं नाव तुझं. पंधरा दिवसांत होकार कळवा, असं लिहिलं होतं, आणि खाली विभागप्रमुख बाईंनी आपल्याकडून दोन ओळी जास्तीच्या घातल्या होत्या, की असा हात त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नाही. मी खाली फरशीवर बसले आणि ढसाढसा रडले. मग उठून तोंड धुतलं आणि त्या बाईंना मेल लिहिला. काही लपवलं नाही, चूक माझी, भावाला आजतागायत माहीत नाही, सगळं लिहिलं. आज सकाळी दहा वाजता उत्तर आलं! बाई अजून तिथेच आहेत. तुझा नकाशा त्यांनी वर्गाच्या भिंतीवर लावलाय आणि नव्या मुलांना पहिल्या दिवशी तोच दाखवतात. तू नको म्हणालास असं त्या तीन वर्षं समजत होत्या. नवा वर्ग दोन महिन्यांनी सुरू होतोय, एक जागा त्या तुझ्यासाठी धरून ठेवतायत, पुन्हा अर्ज नको, नमुना नको. फक्त तू स्वतः, तुझ्या पत्त्यावरून, शुक्रवारपर्यंत हो म्हणून लिहायचं. त्यांचे दोन्ही मेल या मेललाच जोडलेत. फोन मुद्दाम केला नाही, तू मध्येच ठेवून दिला असतास तर ही तारीख तुझ्यापर्यंत पोहोचली नसती. माझा राग येईल, यायलाच हवा, मी ऐकून घेईन, एका शब्दाने उलट बोलणार नाही. पण आज मंगळवार आहे. आधी त्यांना लिही रे राजा, माझ्यावर मग रागाव. रागवायला आपल्याला सगळं आयुष्य पडलंय.

तुझीच,
ताई