कुरडईचं मशीन आणि न घेतलेली म्हैस

कळसाडी, ता. शहादा

ती. आशाताईस,

धाकटा भाऊ हिलाल याचा, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून आणि हात धुऊन केलेला नमस्कार पोचावा. (हात धुतले हे मुद्दाम लिहिलं. मागच्या पत्रावर ग्रीसचा अंगठा उमटला होता आणि हेमकांत दाजींनी तो सुरतभर दाखवत सांगितलं की शालक अजून अंगठाच करतो, असं कळलं. नववीपर्यंतचं शिक्षण झालेलं आहे, हे त्यांना पुन्हा एकदा सांगावं.)

पुढं लिहिण्याआधी एक गोष्ट मांडून ठेवतो, म्हणजे मागाहून कुणी काही बोलायला नको. या दोन हातांनी मी आजवर केलेल्या वस्तू अशा : ओसरीतला सागाचा झोपाळा, ज्याच्या पितळी कड्या मी स्वतः ओतल्या. कापसाच्या पऱ्हाटीवर पेटणारी शेगडी, जिला जुन्या कूलरचा पंखा आहे. आईसाठी केलेली चाकांची खाट, जी उतारावर फक्त एकदाच पळाली. मराठी शाळेची घंटा. गल्लीतल्या चार घरांची फाटकं, ज्यांपैकी एकही करकरत नाही. आणि यंदाच्या चैत्रात, ट्रकच्या जॅकवर चालणारं कुरडईचं मशीन. यांतली एकही वस्तू हप्त्यावर घेतलेली नाही. घरात हप्त्यावर घेतलेल्या ज्या वस्तू आहेत त्या कंपन्यांनी केलेल्या आहेत, आणि त्या बिघडलेल्या आहेत.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची साखर? फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू मधे बोलतेस. पत्रात ती सोय नाही, म्हणून पत्र.

तर आता हप्त्यांचा विषय निघालाच आहे. तुला वाटत असेल हिलाल कर्जात बुडाला. तसं काही नाही. मी होतो तिथंच उभा आहे, पाणी वर आलं आहे. तुझ्या भाचीच्या, चारूच्या, नर्सिंगच्या मेसचे नाशिकला सव्वीसशे होते ते चौतीसशे झाले, आणि भाजी तीच, पातळ. तेलाचा डबा, सिलिंडर, आईच्या बीपीच्या गोळ्या, मोबाइलचा रिचार्ज (जो पूर्वी महिन्याचा असायचा, आता त्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा आहे, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात ते मला पाहायचं आहे), यांतलं काहीही मी वाढवलेलं नाही. वाढवणारे वेगळे आणि फेडणारा मी, हे मला मान्य नाही. तरी फेडतो.

चारूच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी तुझ्या भावजयीनं, म्हणजे प्रमिलेनं, बायकांच्या गटातून चाळीस हजार उचलले. दहा बायकांचा गट, दर बुधवारी हप्ता, आणि एकीचा हप्ता थकला तर बाकीच्या नऊजणींनी भरायचा, असा नियम. कुणाचंही खातं तुटलं तर पुढचं कर्ज कुणालाच नाही, आणि चारूच्या दुसऱ्या वर्षाची फी त्या पुढच्या कर्जावर टेकलेली आहे. एवढं ध्यानात ठेव, बाकीचं मी सांगतो. आता फायनान्सवाले फीसाठी कर्ज देत नाहीत, धंद्यासाठी देतात. म्हणून कागदावर प्रमिलेनं म्हैस घेतली. वसुलीला येणारा भूपेंद्र नावाचा पोरगा चांगल्या घरचा आहे, दर बुधवारी अदबीनं विचारतो, काकू, म्हैस कशी आहे? प्रमिला खाली मान घालून म्हणते, बरी आहे. तुला माहीत आहे, खोटं बोलणं मला जमत नाही. एका बुधवारी मी सरळ सांगितलं की म्हैस नाशिकला शिकते आहे, दुसऱ्या सत्राचा निकाल चांगला लागला. त्या रात्री मला जेवण मिळालं, पण वाढलं आईनं.

कुरडईच्या मशीनची कल्पना तिथूनच निघाली. आपल्याकडं चैत्रात सगळ्या गल्लीत कुरडया, पापड, बिबड्या सुरू होतात हे तू विसरली नसशील. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. गहू जिचा तिचा, हात सगळ्यांचे, मजुरी चहा आणि वाटीभर गरम चीक. पितळी सोऱ्या फिरवून बायकांचे दंड भरून येतात, आणि निघतं ते दिवसाला सात-आठ किलो गव्हाचं. मी म्हटलं, पंचवीस किलोचं निघालं तर? घरच्यापुरतं ठेवून बाकीचं विकता आलं तर? ट्रकचा जॅक भंगारातून बावीसशेला, स्टीलचं नळकांडं एकोणीसशेला, अँगल, बोल्ट, वेल्डिंगच्या काड्या धरून एकूण सहा हजार तीनशे चाळीस. (पैसे कुठून आणले हे तू विचारशीलच. प्रमिलेनं पुढच्या हप्त्यांसाठी डाळीच्या डब्यात ठेवले होते, तिथून. डाळ जागच्या जागी ठेवली.) चाळणीची भोकं दीड मिलिमीटरची, एकूण एक सारखी. पहिल्या चाचणीत झाकणाचे बोल्ट कमी पडले आणि दोन किलो चीक शेजारच्या वाहरूच्या मोटारसायकलवर जाऊन बसला. वाहरू माणूस भला. म्हणाला, भाऊ, सीट गरम शे पण चव बरी शे. त्यानंतर बोल्ट आठ केले. मशीन आता उत्तम चालतं, येऊन पाहावं.

इथवर सगळं सुरळीत होतं. पुढं जे झालं त्यात माझी चूक नाही, हे आधीच सांगतो. मशीनवर खर्च झालेला, तो वसूल व्हायला हवा, हा कुठल्याही कारखान्याचा नियम आहे. म्हणून मी पत्र्यावर रंगानं नीट अक्षरात पाटी रंगवली, ‘किलोस पंधरा रुपये’, आणि दहा नंबरच्या दोन बोल्टांनी मशीनवर बसवली. गल्लीतल्या बायका पाहायला आल्या. जॅक दाबून दाखवला, तारा पडल्या, सगळ्यांनी तोंडात बोट घातलं. मग त्यांनी पाटी वाचली. हेमांगी वहिनी गटाची प्रमुख आहे, बोलते कमी आणि ते पुरतं. तिनं पाटी दोनदा वाचली आणि म्हणाली, हिलालभाऊ, मी काल तुमना घर दिवसभर पापड लाटात. त्यास्ना दर कोठे लिखेल शे?

प्रश्न रास्त होता, म्हणून मी रास्त उत्तर दिलं. म्हटलं, वहिनी, मशीनला घसारा लागतो, हाताला लागत नाही. आशाताई, यात तांत्रिकदृष्ट्या काय चूक आहे ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. पण वहिनी उठली, तिच्यामागं सगळ्या उठल्या, आणि प्रमिलेनं माझ्याकडं असं पाहिलं की मी जॅकला तेल देऊ लागलो. (तेलाची गरज नव्हती.)

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. प्रमिलेनं माझ्या मशीनच्या भरवशावर पंचवीस किलो गहू भिजत घातला होता. तुला ठाऊक आहे, तीन दिवस भिजला की दळायचा, गाळायचा, निवळ काढायची, शिजवायचा, आणि चीक गरम असतानाच दाबायचा. जॅक दाबायला मी एकटा पुरेसा आहे. पण दळणारी, गाळणारी, घोटणारी, खाटेवर पसरणारी, हे मशीनमध्ये बसवायचं राहिलं होतं. आम्ही दोघं आणि आई, मिळून पाच किलोही होईना. गहू चौथ्या दिवसात गेला, घरभर आंबूस वास सुटला, आणि तो बुधवार होता.

बुधवारी हप्ता आणि डब्यात डाळ. गटाचा नियम असा की जिचा हप्ता कमी पडेल तिच्या अंगणात सगळ्यांनी बसायचं, पैसे पुरे होईपर्यंत कुणी उठायचं नाही. तशा नऊजणी आल्या आणि बसल्या. कुणी मी केलेल्या झोपाळ्यावर बसलं नाही, सगळ्या जमिनीवर. भूपेंद्र खुर्चीवर टॅब घेऊन. कुणी बोलेना. मी म्हटलं, चहा ठेवू का, तर एक म्हणाली, त्यान्हा घसारा कितला? त्यावर बाकीच्या हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. प्रमिला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, डोळे कोरडे, आणि मला एकदम वाटलं की ही आता सगळ्यांसमोर रडणार. ती रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

ऊन चढलं तसा वास अंगणात आला. हेमांगी वहिनीनं नाक वर केलं. मग पदर खोचत उठली आणि म्हणाली, प्रमिला, हाऊ गहू वाया जाई ना माय. भूपेंद्र म्हणाला, काकू, नियमाप्रमाणं उठता येत नाही. वहिनी म्हणाली, मी कोठे घर जाई ऱ्हायनू? आंगनमाच शे. आणि ती आत गेली. मग तिच्यामागं सगळ्या. गावात दोन माणसं एकमेकांशी वैर धरतील, जन्मभर बोलणार नाहीत, पण भिजलेला गहू डोळ्यांदेखत आंबू देणार नाहीत. फायनान्सवाल्यांनी हे नियमात धरलेलं नव्हतं, आणि मी पाटीत.

दुपारपर्यंत त्यांनी आपापले पितळी सोरे आणून काम केलं. माझ्या मशीनकडं कुणी पाहिलं नाही. पातेल्यावर पातेलं शिजत होतं, चीक थंडावत होता, दंड भरून आले. तेव्हा वहिनी न वळता म्हणाली, आन ते तुन्हं मशीन. आणलं. त्यावर पाटी नव्हती. पाटी कुणी काढली हे मी सांगू शकत नाही. दहा नंबरचे बोल्ट वाऱ्यानं निघत नाहीत, आणि दहा नंबरचा पाना कायम माझ्या खिशात असतो. याउपर या विषयावर मी काही लिहिणार नाही.

भूपेंद्रलाही जाता येईना, कारण पैसे पुरे झाले नव्हते. त्याच्या हातात जॅकचा दांडा दिला. शहरातला पोरगा, एकदा जोर लावला की थांबायचं कळत नाही. थांब थांब म्हणेस्तोवर त्यानं खाटेएवढी एक अखंड कुरडई काढली. ती वाळवली आहे, तोडवत नाही. पंचवीस किलोचं काम दिवे लागणीला संपलं. मग वहिनीनं नऊजणींकडून गोळा करून प्रमिलेचा हप्ता भरला. कुणी काही लिहून घेतलं नाही. मी म्हटलं, पुढच्या बुधवारी सगळ्यांचे परत करीन. वहिनी चीक खात म्हणाली, तू नको, प्रमिला करी. म्हणजे माझ्यावर विश्वास नाही असं नव्हे. असंच असेल, पण मी तसं धरत नाही.

तेव्हा सांगायचं इतकंच, की इकडं सर्व उत्तम आहे, काळजीचं कारण नाही, आणि कुणाच्या मदतीची गरज नाही. आईचा आशीर्वाद, चारूचा नमस्कार (तिनं केलेला नाही, पण करील).

तुझा,
हिलाल

ता. क. : आखाजीच्या सणाला माहेरी येताना दोन मोठ्या बॅगा रिकाम्या आणाव्यात. बहिणीकडून भाऊ काही घेत नसतो आणि मी घेणार नाही. पण सुरतेतल्या तुझ्या उधन्याच्या गल्लीत निम्म्या बायका धुळे-नंदुरबारच्या आहेत, त्यांना तिकडची कुरडई घशाखाली उतरत नाही असं तूच म्हणायचीस. तर चौदा किलो कुरडई तुझ्यासोबत देईन, तीनशेनं विकावी. दोनशे ऐंशी चालतील. पैसे प्रमिलेच्या नावावर पाठवावेत, माझ्या नाही, म्हणजे वहिनीचं म्हणणं राहील. आखाजीची साडी यंदा देता येणार नाही. कुरडईतली किलोभर तू ठेव.

आणखी ता. क. : दाजींना हे वाचून दाखवू नये.

शेवटचं : काल भूपेंद्र एकटा आला. चहा घेतला, म्हैस विचारली नाही. म्हणाला, काका, तुमच्या अंगणात बुधवारी जेवढी शांतता होती तेवढी आमच्या कुठल्याच अंगणात नसते. गावोगावी ओळख असलेला, वयानं मोठा, हिशेबाला पक्का असा माणूस साहेबांना हवा आहे. काम काही नाही. ज्या घरी हप्ता थकला त्या घरी सकाळी जायचं, बायकांना गोळा करायचं, आणि पैसे पुरे होईपर्यंत तिथं बसून राहायचं. मी त्याला विचारलं, कुणाच्या अंगणात? तो म्हणाला, यादी आम्ही देऊ. आत प्रमिला भांडी घासत होती, आवाज थांबला. मी नाही म्हणालो. ती अजून बोललेली नाही, पण आज ताट तिनं वाढलं. महिना अठरा हजार होते, पेट्रोल वेगळं.