आठवं प्रकरण, तिच्या तोंडून

३ मार्च, सकाळी ७
संपादकांचा फोन. कादंबरी आवडली. म्हणजे तसं म्हणाले नाहीत, पण शेवटपर्यंत वाचल्याचं कबूल केलं. एकच तक्रार. नायक सलग दोनशे चाळीस पानं बोलतो, त्याची बायको घर सोडून जाते, आणि ती का जाते हे कुणालाच कळत नाही. नायकालाही नाही. तेव्हा आठवं प्रकरण बायकोच्या तोंडून लिहा म्हणाले. पॉइंट ऑफ व्ह्यू बदला. पंधरा दिवस दिलेत.
मला चार पुरेत. एकोणीस वर्षं संसार केलाय, बायको मला तोंडपाठ आहे.
कादंबरी अर्थातच काल्पनिक. आमची ही बहिणीकडे गेली आहे ती निव्वळ हवापालट म्हणून. सात आठवडे झाले. हवा चांगली असणार.

४ मार्च
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून दोन पानं. साडेसातला उठलो.
पण युक्ती सापडली. जुन्या प्रकरणात कम्प्युटरला सांगून सगळीकडे ‘ती’च्या जागी ‘मी’ घातलं. एक बटण, काम फत्ते. वाचून पाहिलं. तीन वाजायच्या ऐवजी मीन वाजले आहेत आणि पाऊस पडल्यावर बायकोला ओल्या मामीचा वास येतोय.
हाताने लिहावं लागणार.

६ मार्च
‘मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी होते.’ झकास सुरुवात. खिडकीतून रस्त्यावरची वर्दळ दाखवली. खात्री करायला उठून गेलो. तिथून रस्ता दिसत नाही. समोरच्या इमारतीची भिंत, सांडपाण्याचा पाइप, कुणाच्या तरी खिडकीत एक वाळलेली कुंडी. बस्स.
ही तासन्‌तास तिथे उभी राहून काय बघायची?
रस्ताच ठेवला. वाचकांना रस्ता आवडतो.

७ मार्च, दुपारी, माझ्या चष्म्याच्या दुकानात
एका आजींचे डोळे तपासले. भिंगं बदलत विचारलं, हे बरं की हे? आजी म्हणाल्या, मला दोन्ही सारखंच दिसतंय, तुम्हीच ठरवा. पॉइंट ऑफ व्ह्यूबद्दल किती खोल बोलून गेल्या! लगेच टिपून घेतलं. टिपण्याच्या नादात त्यांचा डावा नंबर उजव्याला लिहिला. चष्मा नवा करून द्यावा लागेल.

९ मार्च, रविवार
लेकीचा हॉस्टेलवरून फोन. सांगितलं, तुझ्या आईच्या तोंडून लिहितोय. म्हणाली, बाबा, तिला विचारलंस का? म्हटलं, लेखकाला विचारावं लागत नाही, तो परकायाप्रवेश करतो. म्हणाली, प्रवेश नंतर कर, आधी फोन कर. हल्लीच्या मुलांना कलेतलं काय कळणार.
फोन केला. मेहुणीने उचलला. म्हणाली, भावोजी, ताई कामावर गेलीय. ही मुद्रितं तपासते तो छापखाना रविवारी बंद असतो हे मलाही माहीत आहे. बरं म्हणून ठेवून दिला.

११ मार्च
निघून जाण्याचा प्रसंग. कादंबरीत नायक वळून बघतो, तिच्या डोळ्यांत पाणी येतं. प्रत्यक्षात मी परिच्छेदाच्या मधोमध होतो. न वळता हात वर केला. ती दारातून ‘जाते’ म्हणाली. सगळं जग निघताना ‘येते’ म्हणतं. पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासणारी बाई, आणि एवढी साधी चूक!
तिला काय दिसलं असेल ते पाहायला जेवणाच्या टेबलाशी तिच्या खुर्चीत बसलो. पहिल्यांदाच. खुर्चीचा एक पाय तोकडा आहे. त्याखाली तिनं पुठ्ठ्याची घडी घातलीय, हे मला ठाऊकच नव्हतं. समोर माझं लिहिण्याचं टेबल. तिथल्या खुर्चीच्या पाठीवर माझा स्वेटर. म्हणजे पाठमोरा मी. इतकी वर्षं तिला एवढाच दिसत होतो.
बराच वेळ रडलो. लिखाणाला चांगलं असतं.

१३ मार्च
प्रकरण पूर्ण! चौदा पानं, एका दमात. शेवटी बायको परत येते. हे वाचून तीही येईल, याबद्दल मनात शंका नाही. संपादक म्हणाले, आधी एखाद्या बाईला वाचायला द्या. माझ्या ओळखीची एकच आहे. तिच्या नजरेतून अनुस्वारसुद्धा सुटत नाही.
मेसेज केला, रविवारी येशील का? उत्तर: ‘येते. उरलेले कपडे न्यायचेत.’
‘येते’ म्हणाली!

१६ मार्च, संध्याकाळी
आली. आपल्या खुर्चीत बसली. पर्समधून पेन्सिल काढली. मी समोर बसलो. चाळीस मिनिटं. पेन्सिल मधूनमधून हलत होती, चेहरा नाही. एकदाच हसली. काय झालं विचारलं, तर म्हणाली, त्या खिडकीतून रस्ता दिसत नाही. म्हटलं, हो, पाहिलं मी. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
पानं नीट लावून ठेवली, कपडे भरले. या वेळी मी दारापर्यंत गेलो. ‘जाते’ म्हणाली.

१७ मार्च
पानं उघडायला सकाळ उजाडावी लागली.
लिहिण्याच्या भरात मी तिच्या तोंडी बारा ठिकाणी पुरुषासारखं बोललोय. मी उठलो. मी दमलो. मी वाट पाहत राहिलो. तिनं बारीक पेन्सिलीनं ‘लो’ खोडून ‘ले’ केलंय. उठले. दमले. वाट पाहत राहिले. बाकी काही नाही, समासात एक शब्द नाही. तरी वाचताना पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकू आला.
अशा अकरा दुरुस्त्या. बारावं माझं शेवटचं वाक्य: ‘आणि मी परत आलो.’ ते तसंच आहे.
नजरचुकीनं राहिलं असेल म्हणून मीच दुरुस्त करायला पेन्सिल घेतली. पण तपासून झालेल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात ती बरोबरची बारीक खूण करते. ती खूण चौदाव्या, शेवटच्या पानावरही आहे. म्हणजे वाचून तसंच ठेवलंय. परत मीच आलोय. ती नाही.
संपादकांना कळवायचं: आठवं प्रकरण मला लिहिता येत नाही.