श्री. लघाटे यांचे मूळ मस्टर परत मिळणेबाबत

दिनांक : २० फेब्रुवारी २०२६
(समक्ष सादर)

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
ज्येष्ठ निवासगृहे तपासणी कक्ष,
उल्हासनगर कॅम्प ५.

विषय : तपासणीच्या वेळी ताब्यात घेतलेले हजेरी मस्टर आजच परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) दि. ३ फेब्रुवारीचा तपासणी अहवाल.
२) आपले दि. ५ फेब्रुवारीचे पत्र (जावक क्रमांक नाही).

महोदय,

मी खाली सही करणार अंजनी हिरामण भोईर, औदुंबर छाया ज्येष्ठ निवास, शिरगाव, बदलापूर पूर्व येथे केअरटेकर म्हणून सहा वर्षे काम करते. व्यवस्थापक अनुया मॅडम यांच्या संमतीने हा अर्ज करत आहे.

१. आपल्या अहवालात असे नमूद आहे की, श्री. श्रीपाद लघाटे, वय ८४, हे आमच्या संस्थेत हजेरी लिपिक म्हणून साप्ताहिक सुट्टी न घेता सलग ७९३ दिवस काम करताना आढळले व त्यांना नेमणूकपत्र दिलेले नाही. यातील दिवसांची संख्या बरोबर आहे. बाकी खुलासा असा की, श्री. लघाटे हे आमचे कर्मचारी नसून रहिवासी आहेत. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे टाइम ऑफिसात होते. कारखाना बंद पडला, हे त्यांना आता आठवत नाही. ४ डिसेंबर २०२३ रोजी ते आमच्याकडे राहायला आले, त्याच दिवशी त्यांनी मस्टर मागितले. आम्ही दिले.

२. तेव्हापासून ते रोज सकाळी सहा पन्नासला दाराजवळच्या टेबलावर बसतात. सात वाजून पाच मिनिटांनंतर येणाऱ्यास लेट मार्क देतात. पहिल्या वर्षी मला चौदा मिळाले, दुसऱ्या वर्षी दोन. रहिवाशांचीही हजेरी होते. कॅम्प २ मधून आलेल्या श्रीमती लाजवंती आहुजा मुद्दाम उशिरा उतरतात आणि म्हणतात, "साहब, लेट मार्क लगा दो, नहीं तो नाश्ता हजम नहीं होगा." ते लावतात.

३. त्यांचे मस्टर इतके चोख होते, की संस्थेने स्वतःचे मस्टर ठेवणे मार्च २०२४ पासून बंद केले. ही चूक संस्थेची आहे आणि ती आम्ही लेखी मान्य करतो. तपासणीच्या दिवशी आपण स्वयंपाकी रामभाऊ यांना हजेरी कोण घेते असे विचारले. त्यांनी "लघाटेसाहेब, एक दिवस खाडा नाही," असे अभिमानाने सांगितले. तेही खरे आहे. त्यावरून आपण मस्टर पुरावा म्हणून ताब्यात घेतले.

४. आपल्या पत्रात श्री. लघाटे यांना तात्काळ कामावरून कमी करण्याचे निर्देश आहेत. त्याप्रमाणे ६ फेब्रुवारी रोजी पत्र त्यांना वाचून दाखवले. त्यांनी ते मागून घेतले, उलटसुलट पाहिले आणि जावक क्रमांकाशिवाय आदेश लागू होत नाही असे सांगून परत केले. ७ फेब्रुवारी रोजी आम्ही शाल, श्रीफळ व चहापान ठेवून त्यांना सेवानिवृत्त केले. समारंभात त्यांनी चार शब्द बोलून निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यास शुभेच्छा दिल्या. दुसऱ्या दिवशी सहा पन्नासला ते टेबलावर हजर होते.

५. खरी अडचण जेवणाची आहे. मस्टर बंद करून त्याखाली सही केल्यावरच जेवणाची सुट्टी होते, असा त्यांचा एकतीस वर्षांचा शिरस्ता आहे. मस्टर नसल्यामुळे ते बंद करता येत नाही, आणि बंद केल्याशिवाय ते ताटाला हात लावत नाहीत. पाळीवर टेबलापाशी घेता येतो म्हणून चहा घेतात, त्यासोबत बिस्किटे. भरवायला गेले तर म्हणतात, "भोईरबाई, ड्युटीवर आहे." २ फेब्रुवारी रोजी त्यांचे वजन ५१.२ किलो होते. १८ फेब्रुवारी रोजी ४७.६ भरले. डॉक्टरांनी पुढची पायरी नळी असल्याचे लिहून दिले आहे.

६. आम्ही कॅम्प २ मधून त्याच मापाचे नवीन मस्टर आणले. मागील महिन्याच्या शिल्लक रजा पुढे ओढल्याशिवाय पहिले पान सुरू होत नाही, म्हणून ते कोरे आहे. आपल्या कार्यालयाकडून मिळालेल्या झेरॉक्स प्रतीवर त्यांनी "नक्कल. मूळ आणा." असा शेरा मारला. सदर प्रत सोबत जोडली आहे.

७. श्री. लघाटे यांच्या कन्या चैत्राली दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येतात. आल्यावर टेबलापाशी थांबून मस्टरमध्ये सही करतात. त्या कोण, हे वडिलांना गेल्या वर्षापासून ओळखता येत नाही. परंतु ते मागची पाने चाळतात, दर महिन्याची सही पाहतात, आणि "या बाई नियमित आहेत," असे सांगून शेजारची खुर्ची देतात. दोघे तासभर बसतात. ८ फेब्रुवारी रोजी त्या आल्या तेव्हा चाळायला पाने नव्हती. श्री. लघाटे यांनी नाव विचारले. चैत्राली यांनी सांगितले. नोंद सापडत नाही, असे ते म्हणाले. त्यांचा आवाज नम्र होता. चैत्राली पायरीवर चाळीस मिनिटे बसून परत गेल्या. पुढची तारीख ८ मार्च आहे.

८. सबब विनंती की,
(अ) मूळ मस्टर परत द्यावे. संस्थेने आता स्वतंत्र मस्टर सुरू केले आहे. दंड वा नोटीस जे असेल ते संस्थेच्या नावे काढावे.
(ब) पुराव्यासाठी ते आपल्याकडेच राहणे आवश्यक असल्यास, श्री. लघाटे यांना रोज सकाळी आपल्या कार्यालयात आणून बसवण्यास परवानगी द्यावी. आणण्या-नेण्याची जबाबदारी आमची. ते आपल्या कर्मचाऱ्यांचीही हजेरी घेतील. त्यास आमची हरकत नाही. आपले कार्यालय किती वाजता उघडते हे मी आज पाहिले आहे. त्याबाबत ते काय लिहितील, हे मात्र मी सांगू शकत नाही.
(क) त्यांना कर्मचारीच धरायचे ठरल्यास त्यांची साप्ताहिक सुट्टी कोणी मंजूर करावी, हे कळवावे. सध्या सुट्ट्या तेच मंजूर करतात.

९. शेवटचे. मी आज ड्युटी सोडून आले आहे. त्यासाठी श्री. लघाटे यांनी मला गेटपास दिला. बाहेर पडण्याची वेळ नऊ चाळीस, काम "मूळ मस्टर आणणे", परत येण्याची वेळ दुपारी दीड. रामभाऊंनी त्यांच्या आवडीची मुगाची खिचडी लावून ठेवली आहे आणि साहेबांनी आज प्रथमच, मस्टर आले की बसतो, असे त्यांना सांगितले आहे. गेटपासवर आपली सही व शिक्का लागेल. त्याशिवाय माझा खाडा धरला जाईल. खाड्याचे मला काही नाही.

येथून शिरगावला पोहोचायला तास लागतो. आता अकरा पन्नास झाले आहेत. आपण बैठकीत असल्याचे शिपाई सांगतात.

आपल्या दाराबाहेरील बाकावरून,
आपली नम्र,
(सही)
अंजनी हिरामण भोईर

सोबत :
१) झेरॉक्स प्रत, श्री. लघाटे यांच्या शेऱ्यासह.
२) वजनाचा तक्ता व डॉक्टरांची चिठ्ठी.
३) गेटपास, मूळ. (सही करून परत द्यावा.)
४) पिशवी, कापडी, मस्टरच्या मापाची.