रंगातल्या बारीक लाटा

४ मार्च

प्रायमर वाळला! भेगांत लांबी भरून, पॉलिश पेपरने घासघासून माझ्या बोटांची सालटी निघाली, पण बाबांची जुनी होडी आता साबणासारखी गुळगुळीत लागते. शेडमध्ये उपडी पडलीय आणि मी येता-जाता तिच्यावर हात फिरवतेय.

शेजारचा, मशीनने रंग मारणारा फवारेवाला डोकावला — "ब्रशने कुठे आरसा होतो? मशीन आणू?" दादा भडकलाच. अख्ख्या बाजाराच्या पाट्या त्याच्या हातच्या, आणि त्याला मशीन दाखवतो! "हाताने करून दाखवीन. नाही जमलं तर घाल होडी तुझ्या मशीनखाली."

पैज लागली! दादाच्या दुकानात मी नुसते डबे-ब्रश धुणारी, पण ह्या पैजेत मीही आहे. आज झोप कसली येतेय!

६ मार्च

पहिला हात दिला. मी रोलरने पातळ रंग लावत पुढे सरकायचं, दादाने मागोमाग ब्रशचं नुसतं टोक फिरवायचं, म्हणजे बुडबुडे मोडतात. थांबायचं नाही, बोलायचं नाही. मी, आणि न बोलता!

निळा असा काही झळकला! पण तिरप्या उजेडात बारीक लाटा दिसतायत. दादा म्हणतो, रंग घट्ट होता.

८ मार्च

पुन्हा घासलं. थिनर वाढवला. दुसरा हात. लाटा आहेतच! ब्रशच भिकार असणार.

१० मार्च

महागाचा ब्रश आणला, मांजराच्या शेपटीसारखा मऊ. धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडलं, पंखा बंद, वहिनीला प्रवेश बंद. तिने दारातूनच कप दिले — "ह्यांचा जरा जपून दे गं. हल्ली निम्मा चहा बशीतच असतो." आम्ही दोघी खो खो हसलो. दादाचं लक्ष होडीकडे.

आजचा हात लागला की जिंकलोच!

११ मार्च

तोही वाया. फवारेवाला शीळ घालत गेला. मी रडकुंडीला आले.

दादा म्हणाला, "उद्या रोलर मी घेतो. ब्रश तू."

मी? मला साधी सरळ रेघ ओढता येत नाही!

"दाबू नकोस. श्वास सोडत ओढ." एवढंच.

१३ मार्च

आरसा!!! होडीच्या कुशीत खिडकी, छताचे वासे, माझं नकटं नाक — सगळं जसंच्या तसं! फवारेवाल्याने बॅटरी तिरपी धरून इंच न् इंच पाहिलं आणि मुकाट्याने कान पकडले. मी उड्याच मारल्या!

दादाला म्हटलं, "बघ! लाटा सगळ्या तुझ्याच हातच्या होत्या, पाटीवाले! जा आता, डबे धुवा!" फार चिडवलं. तो हसत होता, दोन्ही हात खिशात घालून.

उद्या तो होडीवर नाव लिहील, पिवळ्या रंगात. त्याच्या त्या डौलदार अक्षरांत!

१४ मार्च

दादाने पिवळी डबी उघडली, ब्रश बुडवला आणि माझ्यापुढे धरला. टोक थरथरत होतं. थेंब जमिनीवर पडला.

"हात कधीपासून असा?" मी विचारलं.

"झाले बरेच महिने. तू लिही. दुकानातल्या पाट्याही आता तूच लिहायच्यास."

काल मी त्याला काय काय बोलले! त्याने माझा हात धरून पहिलं अक्षर काढायला लावलं. दुसरं मी एकटीने ओढलं, श्वास सोडत.